लीळाचरित्रातील विहरणकथन

लीळाचरित्रातील विहरणकथन : महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांनी महाराष्ट्रात केलेला संचार, त्यांच्या रोजच्या फेऱ्या आणि त्या वेळी घडलेले प्रसंग यांचे त्यांच्या अनुयायांनी आठवणींच्या रूपाने केलेले गद्य कथन. म्हाइंभट याने सु. १२७८ मध्ये ते लीळाचरित्र या ग्रंथात एकत्र केले. हा मराठीतील पहिला गद्य चरित्रग्रंथ मानला जातो. होऊन गेलेल्या दिवसांविषयी, केलेल्या प्रवासांविषयी व त्यांत झालेल्या बोलण्याविषयी साधी माणसे कशी बोलत, याचा इतका जुना व विस्तृत पुरावा मराठीत अन्यत्र नाही. या संचारातील पैठण (प्रतिष्ठान) व वेरूळ (एळापूर) ही महत्त्वाची स्थाने छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) जिल्ह्यात आहेत.

पार्श्वभूमी : तेराव्या शतकात हा प्रदेश देवगिरीच्या यादवांच्या सत्तेखाली होता. कृष्णदेव अथवा कान्हरदेव (कार. १२४६–६१), महादेव (कार. १२६१–७१) आणि रामदेव (कार. १२७१–१३११) हे चक्रधरांच्या काळातील राजे होत. छत्रपती संभाजीनगर हे शहर त्या वेळी अस्तित्वात नव्हते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे वसविलेल्या नगरातून ते पुढे वाढले. शहराचे सध्याचे नाव २०२३ मध्ये शासकीय रीतीने रूढ झाले. राजधानी देवगिरी येथून सु. १५ किमी. वर, विद्येचे व धर्मनिर्णयाचे पीठ असलेले पैठण सु. ५० किमी. दक्षिणेस गोदावरीच्या काठी आणि लेण्यांचे एळापूर वायव्येस सु. ३० किमी. वर आहे. सत्ता, शास्त्र आणि तीर्थ यांची तीन केंद्रे अशा रीतीने दोनतीन दिवसांच्या पायी अंतरात होती. या प्रदेशात संस्कृत ही शास्त्राची भाषा होती. मराठी कोरीव लेखांत आणि व्यवहारात आलेली होती; पण सामान्यांच्या दिवसभराच्या हकीकती लिहून ठेवाव्यात, असे कोणास वाटण्याचे कारण नव्हते.

चक्रधर हे मूळचे गुजरातेतील भडोचचे. प्रधानपुत्र हरपाळदेव म्हणून ते वाढले. रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने त्यांनी घर सोडले व ऋद्धिपूर (सध्याचे रिद्धपूर, जि. अमरावती) येथे गोविंदप्रभूंची भेट घेतली, असे पंथीय परंपरा सांगते. त्यानंतर त्यांनी बराच काळ एकट्याने भ्रमण केले. पुढे पैठणला बाइसा (नागूबाई) ही त्यांच्या परिवारात आली आणि हळूहळू त्यांच्याभोवती स्त्रीपुरुष शिष्यांचा समुदाय जमला. गुजराती मातृभाषा असलेल्या या पुरुषाने आपले सर्व निरूपण मराठीतून केले, ही गोष्ट या भाषेच्या इतिहासात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

रचना : लीळाचरित्राचे एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध असे तीन भाग मानले जातात. एकांकात चक्रधरांच्या एकट्याने केलेल्या भ्रमणाचे प्रसंग आहेत. त्या काळात सोबत कोणी शिष्य नसल्याने या प्रसंगांना साक्षीदार कोणी नव्हता. ते स्वतः चक्रधरांनी पुढे निरनिराळ्या वेळी शिष्यांना सांगितले आणि शिष्यांनी ध्यानात ठेवले. आंध्र देशातील फिरणे, सालबर्डीच्या डोंगरावरील तपस्विनी मुक्ताबाईची भेट, पारध्यांपासून सशाचे केलेले रक्षण हे प्रसंग या प्रकारचे होत. एकांक म्हणजे प्रवास करून आलेल्या माणसाने जवळच्या मंडळींत बसून मागच्या प्रवासाबद्दल केलेले बोलणेच होय. पूर्वार्ध व उत्तरार्ध या भागांतील लीळा मात्र शिष्यांनी स्वतः पाहिलेल्या आहेत. एकाच ग्रंथात ऐकलेली आठवण आणि पाहिलेली आठवण अशा दोन जाती आढळतात, आणि त्यांचा पोतही वेगळा आहे. एकांकातील गोष्टी घडीव व कथेसारख्या आहेत, तर नंतरच्या भागांतील प्रसंग तुटक, तपशीलवार आणि पुष्कळदा क्षुल्लक वाटणारे आहेत.

लीळा म्हणजे सामान्यतः एक लहानसा प्रसंग. स्थळाचा उल्लेख, प्रसंगाचे निमित्त, कोणी काय विचारले, गोसावी काय म्हणाले आणि त्याचा परिणाम काय झाला, एवढ्यात ती संपते. वर्णन थोडे आणि संवाद अधिक असतो. उपदेश वेगळा काढून सांगण्याकडे कल नाही, तो बोलण्यातूनच येतो. पुढे केशिराजाने (केसोबास) या ग्रंथातील चक्रधरोक्ती वेगळ्या काढून सूत्रपाठ व दृष्टांतपाठ सिद्ध केले. त्यांत सिद्धांत स्पष्ट झाला, परंतु ज्या वाटेवर व ज्या झाडाखाली तो बोलला गेला, ती वाट आणि ते झाड लीळाचरित्रातच राहिले.

विहरण : चक्रधरांच्या दिनक्रमात सकाळच्या पूजावसरानंतर बाहेर फिरावयास जाणे हा नेमाचा भाग होता. त्यास विहरण म्हणत. गावाबाहेरचे देऊळ, नदीकाठ, मळा, डोंगर अथवा लेणे येथे मंडळी जात, तेथे काही वेळ बसत आणि बोलत. परतल्यावर आरोगणा म्हणजे भोजन, मग पहुड म्हणजे विश्रांती, उपहुड म्हणजे उठणे आणि रात्री व्याळी म्हणजे रात्रीचे जेवण असा क्रम असे. गोसाव्यांच्या जाण्यास ‘बीजें करणे’ असा आदराचा प्रयोग होता. एका गावी पुष्कळ दिवस राहणे ते अवस्थान, एखाद्या रात्रीचा मुक्काम ती वसति आणि काही काळ बसणे ते आसन, असे भेदही पंथीयांनी ठरविले होते. फिरणे, जेवणे, झोपणे या रोजच्या क्रियांना अशी स्वतंत्र शब्दावली मिळाली, ती या क्रियांचे स्मरण हेच भक्तीचे साधन ठरल्यामुळे.

विहरणाहून वेगळे ते अटन. शिष्यांनी एका जागी गुंतून राहू नये, सतत हिंडत असावे, असा चक्रधरांचा आदेश होता. त्यांनी महाराष्ट्रात राहावे आणि कन्नड व तेलुगू देशांत जाऊ नये, असेही एक वचन सूत्रपाठात आले आहे. या वचनाचे पंथीय भाष्यकारांनी केलेले अर्थ धार्मिक आहेत. तथापि या वचनामुळे पंथीयांचा संचार मराठी बोलणाऱ्या प्रदेशाशी बांधला गेला आणि त्या प्रदेशाची एक जाणीव ग्रंथबद्ध झाली, हे भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

स्मरणाचे कारण : चक्रधरांनी उत्तरापंथे गमन केले, असे पंथीय मानतात. या घटनेचे वर्ष सामान्यतः १२७४ धरले जाते. त्यानंतर नागदेवाचार्य (भटोबास) व इतर शिष्य ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिले. पंथाच्या आचारधर्मात परमेश्वराचे नाम, लीळा, मूर्ती व चेष्टा यांचे स्मरण सांगितले आहे. यांपैकी लीळा आणि चेष्टा यांचे स्मरण म्हणजे गोसावी कोठे गेले, कसे बसले, काय बोलले, हे पुनःपुन्हा मनात आणणे. ज्यांनी हे सर्व डोळ्यांनी पाहिले होते, त्यांना हे साधन सहज साध्य होते. ज्यांनी पाहिले नव्हते, त्यांनी काय करावे, हा प्रश्न म्हाइंभटापुढे उभा राहिला.

म्हाइंभट हा सराळे येथील विद्वान ब्राह्मण. वादात जिंकण्याच्या ईर्ष्येने तो चक्रधरांकडे आला आणि अखेर त्यांचा अनुयायी झाला. नागदेवाचार्य एकांतात बसून लीळांचे स्मरण करीत असल्याचे पाहून त्याने त्या आपणास सांगाव्यात अशी विनंती केली व त्या लिहून घेतल्या, असे पंथीय परंपरा सांगते. हे काम ऋद्धिपूर येथील वाजेश्वरी या स्थानी झाले. नागदेवाचार्य ज्या प्रसंगी हजर नव्हते, त्या प्रसंगांसाठी म्हाइंभटाने हजर असलेल्या व्यक्ती शोधल्या आणि त्यांच्याकडून माहिती मिळविली. साक्षीदाराकडून प्रत्यक्ष ऐकणे, प्रसंगाचा क्रम लावणे आणि जाणत्याकडून तपासून घेणे ही त्याची रीत होती. तेराव्या शतकातील एका भाविकाने ती अवलंबिली, हे विशेष होय. गोविंदप्रभूंच्या चरित्राचे संकलनही त्यानेच केले.

सांगणाऱ्यांमध्ये स्त्रियांचा वाटा मोठा आहे. बाइसा, महदाइसा, साधा, उमाइसा यांची नावे ग्रंथात वारंवार येतात. धवळ्यांची कर्ती म्हणून मराठीतील आद्य कवयित्री मानली जाणारी महदाइसा प्रश्न विचारण्यात पुढे असे आणि तिच्या जिज्ञासेची चक्रधरांनी वाखाणणी केली आहे. पुढे केशिराजाने संस्कृतात रचना करण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा तसे झाल्यास पंथातील म्हाताऱ्या स्त्रिया या ज्ञानास मुकतील, असे सांगून नागदेवाचार्यांनी त्यास परावृत्त केले. स्मृतिस्थळातील या हकीकतीवरून मराठीची निवड कोणासाठी होती, हे स्पष्ट होते.

भाषिक विशेष : जुन्या मराठीतील भूतकाळाची रूपे या ग्रंथात मोठ्या प्रमाणावर आढळतात. प्राकृतातील भूतकालवाचक कृदंताला ‘ल’ हा प्रत्यय लागून ही रूपे बनली. अकर्मक क्रियापदांत ते कर्त्याप्रमाणे बदलते. सकर्मकांत कर्ता तृतीयेत जातो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते. ‘सर्वज्ञें म्हणितलें’ हा ग्रंथभर येणारा प्रयोग याचे उदाहरण होय. आज ‘तो गेला’ आणि ‘त्याने पोथी वाचली’ असे दोन निराळे प्रयोग आपण सहज करतो. तीच व्यवस्था सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या बोलण्यात स्थिर झालेली दिसते.

एकदा घडलेले आणि नेहमी घडणारे यांतील भेदही ग्रंथात दिसतो. विशिष्ट प्रसंगाची सुरुवात पुष्कळदा ‘एकु दीसु’ या शब्दांनी होते आणि पुढे ‘ल’युक्त रूपे येतात. नेहमीच्या वागण्याचे वर्णन ‘करी’, ‘जाए’ यांसारख्या रूपांनी केले जाते. ही रूपे मुळात वर्तमानकाळाची. जुन्या मराठीत ती वर्तमान व रीती अशा दोन्ही अर्थांनी येत. पुढे वर्तमानकाळासाठी ‘करितो’, ‘जातो’ ही नवी रूपे रुळली आणि जुनी रूपे रीतिभूतकाळापुरती उरली. ‘आजोबा रोज नदीवर जात’ अथवा ‘ती पहाटे उठे’ असे आपण आज म्हणतो, तेव्हा ती जुनी वर्तमानकाळाची रूपेच गेलेल्या दिवसांच्या सेवेस लावलेली असतात.

चक्रधर स्वतःविषयी बोलताना ‘मी’ हा शब्द बहुधा टाळतात व ‘हें’, ‘एथ’ अशी दर्शक रूपे वापरतात. त्यामुळे एकांकातील प्रवासाचे कथन आत्मकथन असूनही त्यात अहंकाराचा उच्चार होत नाही. शिष्यांनी ही लकब जशीच्या तशी राखली. म्हातारीचे बोलणे, शास्त्र्याचे बोलणे व गुराख्याचे बोलणे यांतील फरकही पुष्कळ ठिकाणी जपला आहे. मुकुंदराजाचा विवेकसिंधु किंवा १२९० मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी हे ग्रंथ ओवीबद्ध असल्याने मराठीच्या काव्यशक्तीचे प्रमाण ठरतात. बोलीची चाल लीळाचरित्रातच अधिक कळते.

ग्रंथनाश व पुनर्रचना : अलाउद्दीन खल्जीने १२९६ मध्ये देवगिरीवर स्वारी केली. पुढील दोन दशकांत यादवसत्ता नष्ट झाली. या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली, असे पंथीय परंपरा सांगते. त्यानंतर ज्यांना ग्रंथ पाठ होता, त्यांनी तो पुन्हा सांगितला. हिराइसा हिची स्मरणशक्ती या संदर्भात विख्यात आहे. तिच्या पाठाप्रमाणेच रामेश्वरबास इत्यादींचे पाठ तयार झाले व त्यांतून पाठभेदांची परंपरा निर्माण झाली. अशा रीतीने आठवणींतून निर्माण झालेला ग्रंथ दुसऱ्यांदा आठवणींतूनच उभा राहिला. तो पुन्हा नष्ट होऊ नये आणि अनधिकाऱ्यांच्या हाती पडू नये, म्हणून चौदाव्या शतकापासून सकळ, सुंदरी इ. सांकेतिक लिप्यांचा अवलंब करण्यात आला. त्यामुळे ग्रंथ टिकला. परंतु तो पंथाबाहेरील मराठी वाचकांस सुमारे पाचशे वर्षे अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे व वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी या लिप्यांचा उलगडा झाला. ह. ना. नेने यांनी १९३६ पासून नागपूर येथून लीळाचरित्र प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पुढे शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते (१९७८) यांच्या आवृत्त्या निघाल्या.

या इतिहासामुळे ग्रंथाचे प्रामाण्य सावधपणे तपासावे लागते. उपलब्ध हस्तलिखिते मूळ रचनेनंतर बऱ्याच काळाने तयार झालेली आहेत व त्यांतील काही रूपे नंतरच्या लेखकांची असणे शक्य आहे. कथनाचा हेतू भक्तीचा आहे, त्यामुळे चमत्कारांचे प्रसंग इतिहास म्हणून घेता येत नाहीत. परंतु भक्तीला ज्यांची गरज नव्हती असे तपशील, म्हणजे कोणत्या गावाहून कोणत्या गावी गेले, देवळाचे दार कोणत्या दिशेला होते, कोणी काय रांधले, हे मुद्दाम रचण्याचे कारण संभवत नाही. समाजेतिहासकारांनी याच तपशिलांवर विशेष भर दिला आहे.

स्थाने : लीळांमधील गावांचा व जागांचा क्रम लावून त्यांची नोंद करणारा स्थानपोथी हा ग्रंथ मुनिव्यासाच्या नावावर आहे. कोणत्या गावी अवस्थान झाले, वसति कोठे झाली, आसन कोठे होते, देवळाच्या कोणत्या बाजूस होते, हे त्यात गद्यात नोंदविले आहे. लीळाचरित्रात काळाच्या क्रमाने जे आले, ते येथे भूमीच्या क्रमाने मांडले गेले. पैठणातील गोदावरीकाठची स्थाने व एळापूर येथील लेण्यांच्या परिसरातील स्थाने यांचा त्यात समावेश आहे. एळापूर हे नाव राष्ट्रकूटांच्या ताम्रपटातही येते; येथील कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात खोदले गेले. चक्रधर तेथे आले तेव्हा त्यास सु. पाच शतके लोटली होती. जेथे जेथे चक्रधरांचा स्पर्श झाला, तेथे अनुयायांनी ओटे बांधले. महाराष्ट्रात अशी अनेक स्थाने असून यात्रेकरू तेथे नमस्कारासाठी जातात. केवळ बसण्याउठण्याच्या आठवणीवर उभी राहिलेली ही तीर्थपरंपरा या पंथाचे वैशिष्ट्य होय.

तुलना : भूतकाळाविषयी साध्या गद्यात बोलण्याचा पुरावा उरणे किती महत्त्वाचे असते, हे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडील कॉर्नवॉल प्रदेशातील कॉर्निश या केल्टिक भाषेच्या इतिहासावरून कळते. या भाषेचे मध्ययुगीन वाङ्‌मय मुख्यतः धार्मिक पद्यनाटकांचे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती बोलण्यातून नाहीशी झाली. १७७७ मध्ये मृत्यू पावलेली डॉली पेंट्रीथ ही तिची अखेरची भाषक मानली जाते. माउझल गावच्या विल्यम बोडिनर या कोळ्याने १७७६ मध्ये कॉर्निशमध्ये एक पत्र लिहिले. लहानपणी बापाबरोबर व आणखी पाच माणसांबरोबर आपण समुद्रावर जात असू आणि आठवडा आठवडा होडीत इंग्रजीचा शब्दही ऐकू येत नसे, असे त्यात त्याने सांगितले आहे. गावात ही भाषा बोलू शकणारी चारपाच माणसेच उरली असल्याचेही त्याने लिहिले. हेन्री जेनर याने १९०४ मध्ये या भाषेची पुस्तिका प्रसिद्ध केली आणि पुनरुज्जीवनास आरंभ झाला. २००८ मध्ये लेखनाचे एक समान रूप मान्य झाले आणि २०१० मध्ये युनेस्कोने तिचे ‘लुप्त’ हे वर्गीकरण बदलले. ‘काल आम्ही कोठे गेलो’ एवढे सांगण्यासाठी नव्या शिकणाऱ्यांना नाटकांतील पद्ये, प्रवचनांची भाषांतरे आणि बोडिनरच्या पत्रासारखे तुरळक गद्य यांवर विसंबावे लागले. मराठी कधी लुप्त झाली नाही. तरीही तिचे तेराव्या शतकातील बोलणे लीळाचरित्रावाचून आपणास असेच अंदाजाने रचावे लागले असते.

महानुभावांनी मराठी दूरवर नेली, हेही येथे नमूद केले पाहिजे. पंजाबात व वायव्य सरहद्दीकडे या पंथाचा प्रसार होऊन तो तेथे जयकृष्णी पंथ म्हणून ओळखला गेला. घरी अन्य भाषा बोलणाऱ्या या अनुयायांनी धर्मभाषा म्हणून मराठीच स्वीकारली व मराठी पोथ्यांच्या नकला केल्या. पैठण किंवा वेरूळ कधी न पाहिलेल्या माणसांनी तेथील विहरणाच्या आठवणी मराठीत वाचल्या.

अभ्यास : मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता व तेथील उच्च शिक्षण उर्दूतून होते. १९५८ मध्ये औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ (१९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) स्थापन झाले. तेथील मराठीचे प्राध्यापक यू. म. पठाण यांनी सांकेतिक लिप्यांतील महानुभाव पोथ्यांचे वाचन, संपादन व संशोधन केले. १९९० मध्ये पुणे येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) मोठ्या अंशी महानुभाव गद्यावर आधारलेला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. २०२४ मध्येच रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. ज्या गावी म्हाइंभटाने साक्षीदारांना विचारून लीळा लिहून घेतल्या, तेच गाव या विद्यापीठासाठी निवडले गेले.